आज्जाचं घर आणि मामांची अकरा फूट जागा

गेल्या दिवाळीत होटगीला गेलो, तेव्हा आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्या राहिल्या नव्हत्या. खोल्या जागेवरच होत्या. त्यातल्या एकीत आज्जी झोपली होती आणि दुसरीत चकल्या तळण्याचं काम चाललं होतं. पण पप्पांनी टीव्हीच्या खालच्या कप्प्यातून मोजणीचा नकाशा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात आमच्या गटाची हद्द स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरून जात होती. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे दोन खोल्या आणि न्हाणी, शेजारच्या मामांच्या गटात होतं. अकरा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. ४४० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही.

मोजणी आम्हीच मागवली होती. पप्पांना वर एक मजला चढवायचा होता, कर्जासाठी कागद लागत होते आणि कागदांसाठी मोजणी. भूकरमापक आले, त्यांनी रोव्हर उभा केला, उपग्रहाकडून आकडे घेतले आणि चुन्याने खुणा करून गेले. मोजणीला मामाही हजर होते. ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. आठवड्याने त्यांचा मुलगा पप्पांना म्हणाला, "काका, आता नकाशाच आलाय, तर तेवढी जागा मोकळी करून द्या." तो आणि मी एकाच शाळेत होतो. आता दोघंही पुण्यात नोकरी करतो. विमानतळ आणि नव्या रस्त्यांच्या बातम्यांमुळे आमच्याकडे गुंठ्याच्या भावाची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते, त्यामुळे त्याचं म्हणणं मला अगदीच अनपेक्षित नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डेटाबेस एक सांगतो आणि प्रत्यक्षात दुसरंच असतं, तेव्हा खरं कोणाचं धरायचं, हा माझा रोजचा प्रश्न आहे. पहिला अंदाज मी इंजिनिअरचाच केला: जुन्या मोजणीत चूक झाली असणार. जुनी मोजणी साखळीने व्हायची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. अकरा फूट म्हणजे साखळीचा एक तृतीयांश. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हाही कागदावरच्या हद्दी हलल्या. आज्जाने बिचाऱ्याने बांध बघून घर बांधलं, चूक कागदाची. अशी माझी थिअरी.

या थिअरीवर मी सुट्टीचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने काढले. दुसऱ्याच्या जमिनीवर प्रामाणिकपणे घर बांधलं गेलं तर ते घर कोणाचं? प्रश्न आमच्या न्हाणीएवढा वाटला होता. निघाला दीड-दोन हजार वर्षं जुना.

छप्पर, लाकूड आणि विटा

रोमन कायद्याचं उत्तर सरळ होतं: जे जमिनीला चिकटलं ते जमिनीचं. भिंत उभी राहिली की ती जमीनमालकाची. इंग्रजांनीही साधारण हेच उचललं.

आपल्याकडे नारदस्मृतीत वेगळा विचार दिसतो. परक्याच्या जागेवर भाडं भरून घर बांधून राहिलेला माणूस जागा सोडताना छप्पर, लाकूड, विटा घेऊन जाऊ शकतो, असं ती सांगते. मात्र मालकाच्या मनाविरुद्ध, भाडं न देता राहिला असेल तर त्याला काहीच नेता येत नाही. म्हणजे जमीन एकाची आणि वरचं घर दुसऱ्याचं, हे इथल्या लोकांना विचित्र वाटत नव्हतं. घर कोणाचं हे मातीवरून ठरत नव्हतं. बांधणारा तिथे कसा आला, यावरून ठरत होतं.

हे वाचताना मला आमच्याकडची माळवदं आठवली. सोलापूर भागात जुनी घरं माळवदाची: दगडामातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर लाकूड अंथरून मातीचं सपाट छत. घर पाडलं की खांब, तुळया, दारं, चौकटी दुसऱ्या घरात जातात. अजूनही जुन्या लाकडाच्या वखारीत असे खांब उभे दिसतात. अशा घराच्या बाबतीत 'तुझं सामान घेऊन जा' हा खरोखरचा न्याय होता. आमच्या मागच्या खोल्यांवर मात्र स्लॅब आहे. स्लॅब उचलून नेता येत नाही. तो फोडला की उरतो राडारोडा आणि भंगारात विकायच्या वाकड्या सळ्या. जुन्या नियमातला अर्धा दिलासा सिमेंटने संपवून टाकला आहे.

१८६६: दोन शहरं, एक प्रश्न

या प्रश्नाच्या इतिहासात १८६६ हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या खंडांत हाच वाद मोठ्या न्यायालयांपुढे होता.

लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे रॅम्सडेन विरुद्ध डायसन हा खटला होता. हडर्सफील्ड गावातली बरीचशी जमीन रॅम्सडेन घराण्याची. लोक त्यांच्या जागेवर घरं बांधत, आणि पुढे लांब मुदतीचा भाडेपट्टा मिळेल अशी त्यांची समजूत असे. त्या समजुतीवर पैसे घातलेला भाडेकरू अखेर हरला. पण त्या निकालात एक तत्त्व नीट मांडलं गेलं. एखादा माणूस माझी जमीन स्वतःची समजून बांधकाम करतोय, त्याची चूक मला दिसतेय आणि तरी मी मुद्दाम गप्प बसलो, तर भिंती पूर्ण झाल्यावर मला मालकी सांगत येता येणार नाही.

कोलकात्यात त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे ठाकूर चंदर परमाणिक यांचं प्रकरण आलं. सर बार्न्स पीकॉक सरन्यायाधीश होते. न्यायालय म्हणालं की या देशाच्या रीतीप्रमाणे इमारत केवळ जमिनीला जोडली गेली म्हणून जमीनमालकाची होत नाही. बांधणारा निव्वळ घुसखोर नसेल, प्रामाणिक हक्काच्या समजुतीने ताब्यात असेल, तर दोनच रस्ते: त्याला सामान काढून नेऊ द्या, नाहीतर इमारतीची किंमत द्या. यातलं काय, हे जमीनमालकाने ठरवायचं. इंग्रजी न्यायाधीशांनी इंग्रजी नियम बाजूला ठेवून इथली रीत मान्य केली, हे मला वाचताना अनपेक्षित होतं.

पुढे हा विचार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५१ म्हणून आला. आपल्या मुंबई इलाख्याला तो कायदा १८९३ पासून लागू झाला. कलम साधं आहे. तुम्ही जागा घेतली, ती पूर्ण आपलीच आहे असं प्रामाणिकपणे समजून सुधारणा केली, आणि नंतर खरा मालक दुसराच निघाला. त्याला तुम्हाला बाहेर काढायचं असेल तर एकतर त्याने सुधारणेची किंमत द्यावी, नाहीतर आपला हक्क तुम्हाला बाजारभावाने विकावा. तो भाव धरताना तुम्ही बांधलेल्या घराची किंमत त्यात मिसळायची नाही.

मी खूश झालो. पप्पांना फोन करून सांगितलं की अकरा फुटांचा मोकळ्या जमिनीचा भाव देऊ आणि विषय संपवू. मग 'प्रामाणिकपणे' या शब्दापाशी अडलो. आपल्या कायद्यात त्याच्या दोन व्याख्या आहेत. १८९७ चा सामान्य खंड कायदा म्हणतो, काम मनापासून प्रामाणिक असेल तर पुरे, मग त्यात निष्काळजीपणा का असेना. दंडसंहितेत मात्र योग्य ती काळजी घेतली नसेल तर त्याला प्रामाणिक म्हणायचं नाही. जमिनीच्या वादात पहिली व्याख्या बांधणाऱ्याच्या बाजूची. आज्जाने मोजणी केली नाही हा निष्काळजीपणा, पण त्याला ते आपलंच वाटलं असेल तर तो प्रामाणिक.

प्रश्न एकच उरला: आज्जाला खरंच तसं वाटलं होतं का?

आज्जी बोलली

आज्जा रेल्वेत गँगमन होता. होटगी जंक्शनला. मुंबईकडून वाडीकडे जाणारी मोठी लाइन आणि विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेज इथे भेटायची. ही मीटरगेज १८८४ ची, सदर्न मराठा रेल्वेची. गाड्या बदलणाऱ्या माणसांमुळे स्टेशनाभोवती वस्ती झाली. आज्जाचं आयुष्य रुळांच्या मापात गेलं. स्टेशन आणि गावाच्या मधे त्याने थोडी जिरायत जमीन घेतली आणि १९७९ मध्ये कडेला घर बांधलं. मागच्या खोल्या दोन वर्षांनी, मोठ्या आत्याच्या लग्नाआधी.

संक्रांतीला गेलो तेव्हा मी आज्जीला माझी साखळीची थिअरी समजावून सांगत होतो. तिने मधेच थांबवलं.

"चूक कशाची आली त्यात? तुझ्या आज्जाला काय हद्द कळत नव्हती व्हय रे? रोज रूळ मोजणारा मानूस. इचारून बांधलंय की. मामाच्या वडलांस्नी. ते म्हनले, बांध की, तितं कुसळाशिवाय काय उगवतंय. भूमिपूजनाला नारळ त्यांनीच फोडलाय."

पप्पा गप्प होते. त्यांना हे अर्धवट माहीत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

म्हणजे चूक नव्हतीच. आज्जाला माहीत होतं की जागा आपली नाही. कलम ५१ तिथेच संपलं, कारण ते स्वतःला मालक समजणाऱ्यासाठी आहे. पण आज्जा घुसखोरही नव्हता. त्याने विचारलं होतं आणि समोरच्याने हो म्हटलं होतं.

दिलेला शब्द आणि क्रॉफर्ड मार्केट

शब्दावर बांधलेल्या इमारतींचा इतिहास शोधला तर तो थेट मुंबईत नेतो. तुम्ही सीएसएमटीहून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेला असाल. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. ही मंडईसुद्धा अशाच शब्दावर उभी राहिली.

१८६५ मध्ये सरकारने पालिकेला जुन्या मंडयांची जागा रिकामी करायला सांगितली आणि बदल्यात नवी जागा देण्याचा ठराव केला. मंडई सगळ्या लोकांच्या उपयोगाची, म्हणून भाडं घ्यायचं कारण नाही, असंही ठरावात होतं. आर्थर क्रॉफर्ड तेव्हा पालिकेचे आयुक्त. १८६९ मध्ये इमारत पूर्ण झाली. पुढे तिच्यावर पालिकेचे १७ लाख रुपये खर्च झाले. गोम अशी की जमीन देण्याचा कायद्याला हवा तसा रीतसर दस्त कधी झालाच नाही. होता फक्त ठराव. १९४० मध्ये कलेक्टरांनी या जागेवर सारा बसवला: ७,५०० रुपयांपासून सुरुवात आणि ५० वर्षांत ३०,००० पर्यंत.

वाद स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१ मध्ये पालिका जिंकली. बहुमताचा आधार असा होता की दस्त नसला तरी साठ वर्षांहून जास्त काळ पालिका ही जागा बिनभाड्याची म्हणूनच उघडपणे धरून आहे, त्यामुळे तोच तिचा हक्क झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी मात्र वेगळं कारण दिलं: सरकारने शब्द दिला, त्यावर विसंबून पालिकेने खर्च केला, आता शब्द फिरवणं न्यायाचं नाही.

त्याआधी, १९०५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने असाच एक वाद निकालात काढला होता. पालिकेने आपली जागा सोडून तबेल्यांसाठी नाममात्र भाड्याची जागा मागितली, सरकारने दिली. पालिकेने तिथे तबेले, वर्कशॉप आणि चाळी बांधल्या. चोवीस वर्षांनी सरकारने नोटीस दिली की सहा महिन्यांत जागा सोडा, आणि तोवर वर्षाला १२,००० रुपये भाडं भरा. सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी लंडनच्या त्याच १८६६ च्या खटल्याचा आधार घेतला आणि सरकारला पालिकेला बाहेर काढता आलं नाही.

साध्या माणसासाठी हेच तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याचं कलम ६० सांगतं की कुणाच्या परवानगीने तुम्ही जागा वापरत असाल, आणि त्या परवानगीच्या भरवशावर पैसे घालून कायमचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी नंतर मागे घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका इंटर कॉलेजच्या इमारतीला याच कलमाचं संरक्षण दिलं.

आमच्या घराला शोभणारं कलम हेच. अडचण एकच. मुंबई पालिकेकडे सरकारी ठराव होता. आमच्याकडे ८४ वर्षांची आज्जी आहे.

"आज्जींना हे बोलू देऊ नका"

मी आणि पप्पा सोलापुरात ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवानगीचं काढूच नका. चाळीस वर्षांच्या वर झाली ना? ॲडव्हर्स पझेशन घाला. बारा वर्षांत विषय संपलेला आहे."

प्रतिकूल कब्जा. खासगी जमिनीवर दुसऱ्याने बारा वर्षं उघडपणे, सलग आणि मालकाच्या हक्काला न जुमानता ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्क संपतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत आता तीस वर्षांची आहे. पण यातला 'न जुमानता' हा भाग महत्त्वाचा. परवानगीने राहणाऱ्याला तो नियम लागत नाही. शंभर वर्षं राहिला तरी नाही.

म्हणून वकील म्हणाले, "आज्जींना नारळाचं वगैरे बोलू देऊ नका. तुमच्या आजोबांनी जबरदस्तीने बांधलं, कुणाला विचारलं नाही, असंच आपलं म्हणणं राहील."

परत येताना पप्पा गाडीत एकच वाक्य बोलले. "म्हणजे अण्णांना चोर ठरवलं की घर वाचतं." पप्पा आज्जाला अण्णा म्हणायचे.

कायद्याची ही विचित्र बाजू न्यायालयांनाही खुपली आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी लिहिलं की हा कायदा अतार्किक आहे, खऱ्या मालकाला तो फार कठोर पडतो आणि अप्रामाणिक माणसाला घबाड मिळवून देतो. सरकारने त्याचा नव्याने विचार करावा, असंही ते म्हणाले. विधी आयोगाने विचार केला आणि २०२३ च्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नाही असं सांगितलं. त्यांचं एक म्हणणं मला पटतं. कधीतरी जुने वाद मिटलेच पाहिजेत, नाहीतर कुठलीच हद्द पक्की होणार नाही. पण आमच्यासमोरचा हिशोब तरी तसाच राहतो. ज्याने विचारून बांधलं त्याच्या नातवाला साक्षीदार शोधावा लागतो. ज्याने न विचारता बांधलं त्याच्या नातवाला फक्त कॅलेंडर पुरतं.

समोरच्या बाजूने

इथे मामांच्या मुलाची बाजू मांडली नाही तर मीच अप्रामाणिक ठरेन. पैसे घालून बांधलंय एवढ्यावर जमीन मिळायला लागली तर कुणाचीच जमीन सुरक्षित राहणार नाही. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातल्या पटियाला जिल्ह्यातलं गावतळं होतं. लोकांनी ते बुजवून घरं बांधली होती. न्यायालय म्हणालं की बांधकामावर मोठा खर्च झालाय किंवा फार वर्षं झालीत, ही कारणं चालणार नाहीत. तळं गावाचं आहे, ते मोकळं करा. उन्हाळ्यात होटगीचा तलाव आटताना पाहिलेल्या कुणालाही हा निकाल पटेल.

आणि कनवाळू नियमाचा फायदा नेहमी दुबळ्यालाच होतो असंही नाही. १८६६ चा कोलकात्याचा नियम १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वांद्र्याच्या एका प्रकरणात वापरला. तिथे बांधणारं सरकारच होतं. भूसंपादन पूर्ण होण्याआधीच सरकारने जमिनीवर इमारती बांधल्या. मालक म्हणाला, जमीन माझी होती तेव्हा इमारत उभी राहिली, म्हणून तिचीही भरपाई द्या. प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला: सरकार निव्वळ घुसखोर नव्हतं, त्यामुळे इमारत मालकाची झालीच नाही.

हे सगळे निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. न्यायालय नकाशा बघतं, पण त्यावर थांबत नाही. पहिली वीट ठेवताना बांधणाऱ्याला काय माहीत होतं आणि त्या वेळी मालक काय बोलला किंवा का गप्प बसला, हे ते विचारतं. रोव्हरला त्या सकाळचं काही माहीत नसतं. ते फक्त तिथे हजर असलेल्या माणसांना माहीत असतं, आणि आमच्या गोष्टीत त्यांपैकी एकच माणूस उरलंय.

कागद

होळीच्या आधी पप्पांनी मामांना आणि त्यांच्या मुलाला घरी बोलावलं. वकील नव्हते. आज्जीने नारळाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी थोडं कन्नड मिसळून, कारण मामांचे वडील तिच्याशी कन्नडमध्येच बोलायचे. मामा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "आप्पा तसं म्हनले असतील. त्यांचा सोभावच तसा. पण मला कुनी सांगितलं नव्हतं."

त्यांचा मुलगा म्हणाला, "आज्जी, मी खोटं म्हणत नाही. पण उद्या माझ्या पोराला हे कोण सांगणार?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. आमच्या दोन्ही घरांनी चाळीस वर्षांत तो एकमेकांना विचारला नव्हता, म्हणून ही वेळ आली होती.

अजून सगळं मिटलेलं नाही. अकरा फुटांची पट्टी विकत घ्यायची तर तुकडेबंदी आडवी येते, तिचा मार्ग शोधतोय. भावावरही एकमत व्हायचंय. आम्ही मोकळ्या जमिनीचा भाव म्हणतो, तो आजचा भाव म्हणतो, आणि हे दोन्ही एकच आहेत का यावर तासभर वाद झाला. पण एक काम त्या दिवशीच झालं. आज्जीला जे आठवतं ते मी लॅपटॉपवर टाइप केलं: कोण कोण हजर होतं, कुणी काय म्हटलं, नारळ कुणी फोडला. मामांनी खाली लिहिलं की हे ऐकलं आणि यावर माझी हरकत नाही. प्रिंट स्टेशनजवळच्या दुकानातून आणल्या. एक प्रत आमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

आज्जीने सही करायच्या आधी ते पुन्हा वाचून घ्यायला लावलं. मग म्हणाली, "कुसळाचं लिवलं न्हाईस." मी ते वाक्य घातलं आणि पुन्हा प्रिंट काढायला गेलो.